सरखेलांना खिसा नव्हता

शनिवारी सकाळी चहा पिता पिता मी चाचा व्हायचं ठरवलं. हिंदीतला नव्हे. हिंदीतला मी कधीचाच झालोय (सिंगापूरला पन्नाशी ओलांडली की बसमधल्या शाळकरी पोरापासून फळवाल्यापर्यंत सगळे तुम्हाला 'अंकल' म्हणतात). मी म्हणतोय तो मराठीतला चाचा. समुद्रावर जहाजं लुटणारा. पायरेट.

आता बावन्न वर्षांच्या, पित्त झालेल्या, पोहता न येणाऱ्या माणसाला हे कुठून सुचलं, असं तुम्ही विचाराल. तर पायरेट या शब्दाशी माझं पोटापाण्याचं नातं आहे. रॅफल्स प्लेसला एका विमा कंपनीत मी जहाजांच्या विम्याचे कागद बघतो. भर समुद्रात जहाज लुटलं तर त्याला पायरसी म्हणायचं आणि किनाऱ्याजवळ लुटलं तर नुसता दरोडा. चोर तेच, सुरे तेच, मार खाणारा खलाशीही तोच. पण जागा बदलली की शब्द बदलतो, आणि शब्द बदलला की आमचे वकील आठवडाभर चांगलंचुंगलं जेवतात. शिवाय ऑफिसात अधूनमधून कॉम्प्युटरवर एक परीक्षा द्यावी लागते, पायरेटेड सॉफ्टवेअर वापरणं किती वाईट, या विषयावर. मी त्यात पैकीच्या पैकी मिळवतो, घरी येतो आणि कुठल्यातरी भलत्याच वेबसाइटवर एखादं जुनं मराठी नाटक लावून बसतो. ऐन विनोदाच्या जागी चित्र थांबतं आणि पडद्यावर एक चाक गोल गोल फिरायला लागतं. चोरीच्या मालाची तक्रार तरी कुणाकडे करणार? मी त्या चाकाकडेच बघून एकटा हसून घेतो.

एकटा का, तर मेधा पुण्याला आहे. जानेवारीत सासूबाई बाथरूममध्ये घसरल्या, खुबा मोडला, आणि पंधरा दिवसांसाठी गेलेली माझी बायको सप्टेंबर आला तरी तिकडेच. (मुलगी जाई मेलबर्नला शिकते. तिला मी चार ओळींचा मेसेज पाठवला की ती 'के' एवढं एकच अक्षर पाठवते.) सासूबाई आता खडखडीत बऱ्या आहेत, बिनकाठीच्या चालतात, भाजीवाल्याशी भांडतात. पण मधल्या काळात मेधाच्या जुन्या कॉलेजने तिला गाठलं. वर्षभर केमिस्ट्री शिकवायला येता का? माझ्याबरोबर इथे यायचं म्हणून तिने सोडलेलं हेच ते कॉलेज.

ती रोज फोनवर विचारायची, "कसा आहेस?" आणि मी इतक्या ठसक्यात "मजेत!" म्हणायचो की ऐकणाऱ्याला हेवा वाटावा. काल मित्रांबरोबर जेवलो (हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, एका अनोळखी कुटुंबाच्या टेबलाची उरलेली खुर्ची मिळाली होती). परवा समुद्रावर गेलो होतो, धमाल आली (बाकावर बसून नांगर टाकलेली जहाजं बघितली आणि घरी आलो). तिला अपराधी वाटू नये म्हणून मी हे सगळं करत होतो. आणि मला ते इतकं चांगलं जमत होतं की तिला खरंच वाटायला लागलं.

गुरुवारी ती म्हणाली, "प्रबोध, शनिवारी संध्याकाळपर्यंत कॉलेजला हो की नाही ते कळवायचंय. तुझ्या आठ वाजता मी फोन करते. तोवर विचार कर आणि मला खरं खरं सांग. तू नुसतं 'ये' म्हण. पुढच्या आठवड्यात मी तिथे असेन, आणि मनात काही ठेवणार नाही."

मला 'ये' म्हणायचं होतं. दोन दिवस मी आरशासमोर उभा राहून एकच वाक्य घोकत होतो, 'मेधा, मला तुझ्याशिवाय करमत नाही.' पहिल्यांदा ते क्लेम नामंजूर झाल्याच्या पत्रासारखं निघालं. दुसऱ्यांदा खोकला आला. तिसऱ्यांदा बरं निघालं, पण त्या वेळी तोंडात टूथब्रश होता.

त्यात शुक्रवारी लिफ्टमध्ये मिसेस टॅन भेटल्या. त्या अकराव्या मजल्यावर, मी बाराव्या. इतक्या वर्षांत आमचं बोलणं 'गुड मॉर्निंग' आणि 'फार उकडतंय' याच्या पुढे गेलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "सॉरी अंकल, उद्या संध्याकाळी फार आवाज होणार. मुलीचा सातवा बर्थडे. खाली फंक्शन रूममध्ये पायरेट पार्टी. तुम्ही पण या लाह!" (हे 'लाह' इथे कुठल्याही वाक्याच्या शेपटीला लागतं.)

आता मी पुण्याचा. 'या एकदा घरी' याचा अर्थ 'कृपया येऊ नका' असा असतो, हे आम्हाला अक्षरओळख व्हायच्या आधी कळतं. पण आठ महिने एकटं राहिलं की माणूस जन्मजात शहाणपणसुद्धा विसरतो. कुणीतरी मला बोलावलंय, या आनंदात मी लिफ्टमधून चुकीच्या मजल्यावर उतरलो.

तर अशा रीतीने शनिवारी सकाळी चाचा व्हायचं ठरलं. दुकानात डोळ्यावरची काळी पट्टी आणि प्लॅस्टिकचा आकडा मिळतो, मला माहीत आहे. पण मला एकदम स्वाभिमान सुचला. आपल्याकडे काय समुद्र नव्हता? मराठ्यांच्या आरमाराचे सरखेल कान्होजी आंग्रे, ज्यांचं नाव काढलं की इंग्रजांची झोप उडायची, त्यांना मुंबईचे इंग्रज आपल्या कागदोपत्री खुशाल पायरेट म्हणत. म्हटलं, जायचं तर सरखेल म्हणून जायचं. तेवढाच एका शब्दाचा हिशेब चुकता होईल.

मराठी मंडळाच्या नाटकांचे कपडे जुरोंग ईस्टला स्मिता सांभाळते. मी बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, गेलो. मनात होतं की तिच्याकडे चहा होईल, चार गप्पा होतील. पण ती स्टेशनच्या गेटपलीकडेच पिशवी घेऊन उभी होती.

"बाहेर नका येऊ प्रबोधराव, गेटवरूनच घ्या. तन्मयला स्विमिंगला सोडायचंय. कशाला हवाय हो हा ड्रेस?"

"पायरेट पार्टी आहे."

"मग सरखेलांचा ड्रेस कशाला?"

"इंग्रज त्यांना पायरेट म्हणायचे ना."

"इंग्रज काय, काहीही म्हणतील! आपल्या समुद्रात परवान्याशिवाय शिरल्यावर जहाज धरणार नाही तर काय ओवाळणार? आरमाराचे प्रमुख होते ते!"

"अहो, मी तेच तर समजावून सांगणार आहे तिथे."

"कुणाला?"

"सात वर्षांच्या मुलांना," मी म्हणालो, आणि ते वाक्य ऐकून माझं मलाच कसंतरी झालं. स्मिताने मात्र गेटवरून पिशवी दिली. पगडीवर काही सांडायचं नाही आणि मिशी ओढून काढायची नाही, अशी तंबी दिली (मागच्या नाटकात तिच्या नवऱ्याने, वरुणने, ओढून काढली होती, तर प्रयोगानंतर आठवडाभर तो पेज पीत होता). "मेधाताई कधी येतायत?" असं विचारून, उत्तर यायच्या आत ती निघालीसुद्धा.

संध्याकाळी मी सजलो. पांढरा अंगरखा, कमरेला शेला, डोक्यावर पगडी, ओठावर झुपकेदार मिशी, हातात लाकडी तलवार. आरशात बघितलं तर सरखेल नाही, पण सरखेलांच्या वाड्यावरचा प्रामाणिक दिवाणजी नक्कीच दिसत होतो. आठच्या फोनला बॅटरीने दगा देऊ नये म्हणून फोन चार्जिंगला लावला. दाराचं कार्ड त्याच्याशेजारीच ठेवलं, म्हणजे निघताना दोन्ही एकदम उचलता येतील. (माझ्या योजना ऐकायला नेहमीच छान असतात.) मग ती खिशात टाकायला गेलो, तर अंगरख्याला खिसाच नव्हता. शिंप्याने इतिहासाचा भलताच अभ्यास केला होता. शेल्यात खोचावं म्हणून शेला सोडला, तर चुडीदार घसरली. ती सावरली, पुन्हा शेला बांधला, घड्याळ बघितलं, उशीर झाला म्हणून एका हातात बेसनाच्या लाडवांचा डबा आणि दुसऱ्या हातात तलवार घेऊन बाहेर पडलो आणि कोपराने दार ओढून घेतलं. दार आपलं आपण बंद होऊन 'टिंग' असं गोड वाजलं. फोन आणि कार्ड टेबलावर.

हे मला कळलं नाही. कळलं असतं तर ही गोष्ट झाली नसती आणि माझी बायको आज इथे असती.

फंक्शन रूमच्या दारात मिस्टर टॅन डोळ्यावर काळी पट्टी लावून उभे होते. त्यांनी उघड्या डोळ्याने माझी पगडी बघितली, मिशी बघितली, डबा बघितला. म्हणाले, "प्राटा आला? तिकडे टेबलावर ठेवा. करी कुठाय?" (प्राटा म्हणजे इथला पराठा.)

"मी सरखेल आहे," मी म्हणालो.

"येस येस, सर्कल. राउंड प्राटा. तिकडे ठेवा."

मी निमूटपणे डबा ठेवला आणि परत जायला वळलो. खरं सांगतो, मला तिथून पळून जायचं होतं. तेवढ्यात आत कुणीतरी भोकाड पसरलं. दात पडलेली, डोक्याला लाल रुमाल बांधलेली उत्सवमूर्ती क्लोई जमिनीवर लोळत होती. एजन्सीकडून बोलावलेला पायरेट आयत्या वेळी आजारी पडला होता, आणि क्लोई पायरेटशिवाय केक कापायला तयार नव्हती. मिसेस टॅन हताश होऊन इकडेतिकडे बघत होत्या. त्यांची नजर माझ्यावर पडली आणि चेहरा एकदम उजळला.

"आलात! थँक गॉड, आलात!"

त्यांनी माझा हात धरला आणि मला ओढतच आत नेलं. आठ महिन्यांत मला बघून 'आलात!' असं कुणी म्हटलं नव्हतं. मला वाटलं, काय प्रेमळ शेजार आहे आपला, आणि आपण उगाच इतकी वर्षं लिफ्टमध्ये भिंतीकडे बघत राहिलो.

मुलांनी मला घेरलं आणि उलटतपासणी सुरू झाली.

"तू पायरेट नाहीस," क्लोई डोळे पुसत म्हणाली. "तुझी पट्टी कुठाय?"

"माझे दोन्ही डोळे शाबूत आहेत."

"पोपट?"

"पोपट नाही. मला ॲसिडिटी आहे." (मी घाबरलो की खरं बोलतो.)

"मग तू पायरेट कसा?"

मी घसा खाकरून इतिहास सुरू केला. हा समुद्र आमचा होता, इंग्रज परवाना न घेता यायचे, आम्ही त्यांची जहाजं पकडायचो, म्हणून ते चिडून आम्हाला पायरेट म्हणायचे. मुलं शांतपणे ऐकत होती. मला वाटलं, जिंकलं! मग एक चष्मेवाला मुलगा म्हणाला, "सो, गुड पायरेट ऑर बॅड पायरेट?"

"ते सांगणारा कोण, त्यावर अवलंबून आहे."

"कॅनॉट लाह," क्लोई म्हणाली. "गुड पायरेट बोअरिंग. बॅड हो."

आणि मी झालो. काय करता? ओरडलो, गरजलो, टेबलाखाली लपलो, केकच्या सुरीवर झडप घातली. मुलांना मुजरा शिकवला. कमरेत वाकून, हात जमिनीपाशी नेऊन पुन्हा कपाळाशी, तीनदा. पोरांना तो इतका आवडला की ती येणाऱ्या प्रत्येकाला मुजरा करायला लागली, खऱ्या प्राटेवाल्यालासुद्धा. तो बिचारा डबे खाली ठेवून दोन पावलं मागे सरला.

कोपऱ्यात क्लोईचे आजोबा एकटेच बसले होते. मी धापा टाकत त्यांच्याजवळ टेकलो, तर त्यांनी माझ्या तलवारीकडे बोट दाखवलं आणि मोडक्या इंग्रजीत म्हणाले, "मी पण पायरेट."

"तुम्ही?"

"लास्ट टाइम, यंग असताना. पायरेट टॅक्सी. लायसन नाही, मीटर नाही. पोलीस दिसला की पॅसेंजरला सांगायचं, तू माझा मेव्हणा." आणि ते पोट हलवत हसले. माझ्या लाडवांतला एक त्यांनी कुणी न बघता खाल्ला आणि दुसरा खिशात टाकला. आम्ही दोघे पायरेट काही वेळ नुसतेच शेजारी बसून राहिलो. बरं वाटलं.

मग भिंतीवरच्या घड्याळाकडे लक्ष गेलं. आठ वाजत आले होते! मी सगळ्यांना घाईघाईने मुजरा केला, लिफ्टकडे धावलो, दारापाशी आलो, सवयीने कार्डासाठी खिशात हात घातला, आणि तेव्हा कळलं, की सरखेलांना खिसा नाही.

दाराला आकड्यांचं कुलूप आहे. पण कोड मेधाने घातलेला, आणि कार्ड असताना कोड कोण लक्षात ठेवतो? म्हटलं, लग्नाची तारीख असणार. दाबली. बीप. महिना आधी घेतला. बीप. जाईची जन्मतारीख. बीप. मेधाची (आधी एक दिवस चुकला, मग बरोबर). बीप, बीप. मग त्या कुलपाने एक लांबलचक किंकाळी फोडली आणि संपावर गेलं.

आणि आत फोन वाजायला लागला.

मी दाराला कान लावला. रिंग वाजत होती, थांबत होती, पुन्हा वाजत होती. पुण्यात मेधा फोन कानाला लावून बसली असणार, आणि मी इथे चार इंच लाकडाच्या या बाजूला, मिशी लावून. मला काय झालं कोण जाणे, मी दाराला तोंड लावून म्हणालो, "मेधा, मला तुझ्याशिवाय करमत नाही गं. ये ना." इतकं छान निघालं! ना खोकला, ना अडखळणं. ऐकायला मात्र समोरच्या फ्लॅटचं चपलांचं कपाट तेवढं होतं.

मी पुन्हा खाली धावलो. दारात पाऊल टाकलं आणि एकच गिल्ला झाला, "पायरेट परत आला!" सात-आठ पोरं अंगावर आली, मला खुर्चीत ढकललं आणि दोरीच्या उड्यांच्या दोरीने करकचून बांधलं. मी ओरडतोय, "मिसेस टॅन, फोन! मला तुमचा फोन हवाय! मी घराबाहेर अडकलोय!"

"कुठे राहता तुम्ही?"

"वर! बाराव्या मजल्यावर!"

मिसेस टॅननी माझ्या मिशीच्या मागे नीट निरखून बघितलं. "आयो! तुम्ही लिफ्टवाले अंकल? मला वाटलं, एजन्सीने दुसरा माणूस पाठवला! मी मिस्टर टॅनना म्हटलंसुद्धा, आधीच्यापेक्षा जाडा आहे पण काम चांगलं करतो."

म्हणजे ते 'आलात!' माझ्यासाठी नव्हतंच. पण दुःख करायला वेळ नव्हता. मेधाचा मोबाइल नंबर मला पाठ नाही, हल्ली कुणाला असतो? पाठ होता तो फक्त सासरच्या लँडलाइनचा. लग्नाआधी तो इतक्यांदा फिरवला होता की तो काही बोटांतून जात नाही. सासूबाईंनी तो फोन अजून बंद करू दिलेला नाही. मी आकडे सांगितले, मिसेस टॅननी लावला आणि माझ्या कानाशी धरला.

"हॅलो, कोण?" सासूबाई.

"आई, मी प्रबोध! मला बांधून ठेवलंय. लवकर मेधाला द्या!"

त्या थंडपणे म्हणाल्या, "पेपरात वाचलंय हं मी तुमच्यासारख्यांबद्दल. आता म्हणाल, पैसे पाठवा."

"आई, अहो मीच आहे!"

"आवाज तर अगदी हुबेहूब काढलाय मेल्याने. खरे जावई असाल तर सांगा, लग्नात रुसून काय मागितलं होतं?"

"काहीच नाही हो!"

"हो बाई, तेच हे," सासूबाई म्हणाल्या. "यांना कधी काही मागताच आलं नाही. मेधा, अगं, यांना कुणीतरी पळवलंय."

मेधाने फोन ओढून घेतला. "प्रबोध! कुठे आहेस तू? किती वेळ फोन करतेय! तुला बघितल्याशिवाय माझा विश्वास बसणार नाही. हा नंबर कुणाचा?" मिसेस टॅननी तिला आपला नंबर सांगितला, आणि क्षणात त्याच फोनवर तिचा व्हिडिओ कॉल आला.

स्क्रीनवर मेधा दिसली. चेहरा घाबराघुबरा. मग तिला मी दिसलो. पगडीवर केक, एका बाजूने सुटून हनुवटीवर लोंबणारी मिशी, खुर्चीला बांधलेला, आणि भोवती नाचणारी पोरं. क्लोईने विचारलं, "ही कोण?" मी म्हणालो, "माझी बायको." झालं. सगळी पोरं ओळीत उभी राहिली आणि फोनला तीनदा वाकून मुजरा केला.

मेधा हसायला लागली. आधी तोंडावर हात ठेवून, मग हात सोडून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

"मेधा, आधी दाराचा कोड सांग."

"अरे, तुझा वाढदिवस!" ती हसता हसता म्हणाली. "दुसरं काय असणार, वेड्या?"

सगळ्यांच्या तारखा दाबून झाल्या होत्या. माझी आपली मला आठवलीच नव्हती. तिने ती रोज येता-जाता दाबली असणार. तिथे, त्या गोंधळात, बांधलेल्या अवस्थेत मला रडू आलं. आणि मला वाटलं, हीच वेळ. इथे कुणाला मराठी कळत नाही. सरखेल, तोफ डागा.

"मेधा," मी मोठ्याने म्हणालो, "मला करमत नाही!"

आणि क्लोईने तलवार उचलून आरोळी ठोकली, "करमत नाही!"

तिला वाटलं, ही आमच्या आरमाराची युद्धघोषणा. सगळ्या पोरांनी तलवारी उंचावल्या, "करमत नाही! करमत नाही!" खोली दणाणली. चष्मेवाल्याने ताल धरला. आजोबाही कोपऱ्यातून मूठ वर करून म्हणाले, "कलमत नाई!"

"नाही गं मेधा, खरंच! खरंच करमत नाही!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो.

"करमत नाही!" दुप्पट जोराने पोरं.

"बास, बास! पोट दुखायला लागलं माझं!" मेधा डोळे पुसत होती. "त्यांना मराठीसुद्धा शिकवलंस? आई, हे बघ काय चाललंय! प्रबोध, किती वर्षांनी मी तुला असा बघतेय रे. आणि मी वेडी, झोप नाही रात्रभर, तू तिथे एकटा कुढत असशील म्हणून. सुटले बाई! लगेच कळवते मी कॉलेजला."

"मेधा, थांब..." मी म्हणालो. पण पोरांनी तेवढ्यात पुढचा हल्ला चढवला, खुर्ची कलंडली आणि फोन कट झाला. खुर्चीसकट मला उभं करेपर्यंत आणि दोरीच्या गाठी सुटेपर्यंत बराच वेळ गेला. (गाठी क्लोईच्या आजोबांनी सोडवल्या. कुठे शिकले, ते मी विचारलं नाही.)

वर आलो. माझी जन्मतारीख दाबली. दार गोड आवाज करून उघडलं. आत अंधार, एसीची घरघर आणि टेबलावर पूर्ण चार्ज झालेला फोन. त्यावर मेधाचा मेसेज होता, 'होकार कळवला. पंधरा तारखेपासून रुजू. थँक यू, प्रबोध. तुला असा खूश बघितलं नसतं ना, तर मला हे कधीच जमलं नसतं.' खाली सासूबाईंचा निरोप, 'आई म्हणतेय, जावईबापू लग्नाच्या एकाही फोटोत इतके आनंदी नाहीत.'

मी सोफ्यावर बसलो. 'मला करमत नाही' असं टाइप केलं. वाचलं. तिचा हसरा चेहरा आठवला. वर्षानुवर्षं मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं, तेही खरंच. ते पुसलं आणि 'अभिनंदन!' असं लिहून पाठवलं. मिशी ओढून काढली. स्मिताचं खरं होतं. ओठ सोलला.

बेल वाजली. दारात मिसेस टॅन आणि क्लोई.

"अंकल, पुढच्या महिन्यात माझ्या बहिणीच्या मुलाचा बर्थडे. डायनासोर थीम. तुम्ही फ्री आहात का?"

मी चेहरा जमेल तितका गंभीर केला. म्हणालो, "जरा बघावं लागेल. शनिवारी माझं काही ना काही असतं."

"इझी लाह, अंकल," क्लोई मला धीर देत म्हणाली. "डायनासोरला बोलायचं नसतं. नुसतं ओरडायचं."

"ते बरं," मी सोललेल्या ओठांनी म्हणालो. "बोलून मला काही जमत नाही. किती वाजता येऊ?"